धुराचे माप कोणत्या काट्याने?

पुण्यात वेताळ टेकडीवर सकाळी फिरायला जाणारे बरेच जण तिच्या एका भागाला ‘एआरएआयची टेकडी’ म्हणतात. एआरएआय म्हणजे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया. नवे वाहन बाजारात येण्याआधी त्याची तपासणी करणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकी ही एक, १९६६ साली स्थापन झालेली. अशा संस्थांच्या प्रयोगशाळेत मोटारसायकल जागच्या जागी धावते. मागचे चाक एका जड रोलरवर टेकलेले असते, पुढून मोठा पंखा वारा सोडतो आणि चालक समोरच्या पडद्यावरची रेषा पाहत वेग कमी-जास्त करतो. या सेकंदाला इतका वेग, त्या सेकंदाला ब्रेक, मग थोडा वेळ इंजिन चालू ठेवून नुसते उभे राहायचे. सायलेन्सरमधून निघालेला धूर ठरावीक प्रमाणात हवेत मिसळून पिशव्यांत गोळा होतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड किती, न जळलेले इंधन किती, नायट्रोजनचे ऑक्साइड किती, हे किलोमीटरमागे ग्रॅम या हिशेबाने काढले जाते.

पडद्यावरच्या त्या रेषेला तंत्रज्ञ ‘ड्रायव्हिंग सायकल’ म्हणतात. आपण तिला चाचणीचक्र म्हणू. गाडीच्या धुराचा जो आकडा सरकारदरबारी नोंदवला जातो, तो या रेषेवर अवलंबून असतो. रेषा बदलली की त्याच गाडीचा आकडा बदलतो.

मधुमेहाच्या रुग्णाला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. रक्तातली साखर १३० आली, एवढे सांगून डॉक्टरला काहीच कळत नाही. उपाशीपोटी १३० असेल तर ते मधुमेहाचे लक्षण आहे; जेवणानंतर दोन तासांनी १३० असेल तर चिंतेचे कारण नाही. रक्त कधी काढले, हे कळल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. वाहनांच्या धुराचेही तसेच आहे. आणि अनेक वर्षे प्रत्येक देश आपापल्या वेळी, आपापल्या पद्धतीने ‘रक्त काढत’ होता.

आकडा वाढला, नियम सैल झाला का?

दुचाकींसाठी भारताचे स्वतःचे चाचणीचक्र होते. १९८०च्या दशकात आपल्या शहरांतल्या रस्त्यांवर नोंदी घेऊन ते एआरएआयने तयार केले. १०८ सेकंदांचा एक फेरा, असे सहा फेरे. कमाल वेग ताशी ४२ किलोमीटर, सरासरी बाविसाच्या आसपास. त्या काळच्या स्कूटरी आणि त्या काळचे रस्ते पाहता ते रास्तच होते.

२०१० साली लागू झालेल्या बीएस-३ नियमांनुसार या चक्रावर दुचाकीने किलोमीटरमागे १ ग्रॅमपेक्षा जास्त कार्बन मोनॉक्साइड सोडायचा नव्हता. मग बीएस-४ आले आणि मर्यादा झाली १.४०३ ग्रॅम. वरवर पाहणाऱ्याला वाटेल, सरकारने सूट दिली. तसे नव्हते. मर्यादेबरोबर काटाच बदलला होता. नवी चाचणी ‘वर्ल्ड मोटारसायकल टेस्ट सायकल’ या जागतिक चक्रावर होऊ लागली होती आणि तिच्यात गार इंजिनाने केलेला प्रवास अर्ध्या वजनाने मोजला जातो. गार इंजिन म्हणजे सकाळी पार्किंगमधून काढलेली गाडी. धूर शुद्ध करणारा उत्प्रेरक, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, तापल्याशिवाय काम करत नाही. त्यामुळे पहिल्या दोन-तीन मिनिटांत गाडी जे ओकते, ते नंतरच्या बऱ्याच प्रवासापेक्षा वाईट असते. शाळेपर्यंत मुलाला सोडून परत येणारी स्कूटर तर तेवढ्याच वेळात आपला सगळा प्रवास उरकते.

बीएस-४ लागू होतानाचा गोंधळ अनेकांना आठवत असेल. सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१७ रोजी सांगितले की १ एप्रिलपासून बीएस-३ गाड्या विकता येणार नाहीत. मधल्या दोन दिवसांत दुचाकींच्या शोरूमसमोर रांगा लागल्या, हजारो रुपयांची सूट मिळाली आणि जुन्या नियमांच्या गाड्या घराघरांत पोहोचल्या. त्यातल्या कितीतरी आजही रस्त्यावर आहेत. पुढे बीएस-५ गाळून देश १ एप्रिल २०२० रोजी थेट बीएस-६वर आला. बहुतेक दुचाकींसाठी कार्बन मोनॉक्साइड १ ग्रॅम आणि नायट्रोजन ऑक्साइड ०.०६ ग्रॅम अशी मर्यादा ठरली. बीएस-४ मध्ये नायट्रोजन ऑक्साइडला ०.३९ ग्रॅमपर्यंत मुभा होती, हे पाहिले की उडी केवढी होती ते कळते. कार्ब्युरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आले, गाड्या महागल्या. इंधनातले गंधकही दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आणावे लागले, कारण गंधकाने उत्प्रेरक निकामी होतो.

जिनिव्हातली मंडळी

हे जागतिक चक्र तयार होते जिनिव्हात. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाखाली वाहनांच्या नियमांवर काम करणारा एक मंच आहे. १९५२ मध्ये तो सुरू झाला तेव्हा विषय युरोपापुरता होता. १९५८च्या करारानुसार एका देशाने मंजूर केलेला दिवा किंवा ब्रेक दुसऱ्या सदस्य देशाने पुन्हा न तपासता मान्य करायचा असे ठरले. गाडीच्या हेडलॅम्पच्या काचेवर किंवा हेल्मेटवर वर्तुळातले इंग्रजी ‘ई’ अक्षर आणि शेजारी एक आकडा दिसतो, तो त्याच कराराचा शिक्का.

अमेरिका त्यात नव्हती. तिथे सरकार आधी शिक्का मारत नाही. सुरक्षेच्या बाबतीत कंपनीने स्वतः हमी द्यायची आणि चुकली तर जबर दंड भरायचा, अशी पद्धत आहे. दोन्ही पद्धतींना एकत्र बसता यावे म्हणून १९९८ मध्ये दुसरा करार झाला. त्याखाली ‘जागतिक तांत्रिक नियम’ तयार होतात. भारत २००६ मध्ये या कराराचा सदस्य झाला. नियम एकमताने संमत करावे लागतात. एका देशाने हरकत घेतली तरी अडते. म्हणूनच एकेक नियम व्हायला वर्षे लागतात. पहिला जागतिक नियम मोटारीच्या दाराच्या कडी-बिजागरीचा होता, यावरून वेगाची कल्पना यावी. मोटारसायकलींच्या धुराचा नियम दुसरा, तो २००५ मध्ये झाला. लहान मोटारींसाठीचा ‘डब्ल्यूएलटीपी’ २०१४ मध्ये.

उद्योगांना हे हवे असते त्याचे कारण उघड आहे. चाकणला किंवा वाळूजला बनणारी मोटारसायकल आफ्रिकेत आणि लॅटिन अमेरिकेत जाते. प्रत्येक देशासाठी वेगळी चाचणी म्हणजे वेगळा खर्च आणि वेगळा कागद. पण आरोग्याच्या बाजूने पाहिले तर फायदा निराळाच आहे. काटा एक असला की तुलना करता येते. अमुक देशात ही गाडी इतक्या कमी धुराची विकता, मग आमच्याकडे का नाही, हा प्रश्न विचारण्याची सोय होते.

अर्थात, एकाच काट्याने मोजायचे ठरले म्हणजे वजन सारखे झाले असे नव्हे. मोजण्याची रीत एक करण्यावर कराराचा भर आहे. मर्यादा किती घट्ट ठेवायची हे बरेचसे त्या त्या देशाच्या हाती राहते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२० मध्ये दाखवून दिले की २०१५ ते २०१८ या काळात युरोप, जपान आणि अमेरिकेतून सुमारे १ कोटी ४० लाख वापरलेल्या हलक्या मोटारी बाहेर गेल्या आणि त्यातल्या सुमारे ४० टक्के आफ्रिकेत पोहोचल्या. आपल्याकडे नकोशी झालेली गाडी शेजाऱ्याच्या अंगणात उभी करायची, असा हा व्यवहार.

परीक्षेपुरता शहाणा

चाचणीचक्र जुने झाले की काय होते, याचा धडा युरोपने दिला. तिथले आधीचे चक्र १,१८० सेकंदांचे होते. त्यात शून्यापासून ताशी ५० किलोमीटरचा वेग गाठायला २६ सेकंद दिलेले होते. इतक्या निवांतपणे गाडी कोणी चालवत नाही. शिवाय टायरमध्ये जास्त हवा भरणे, दारांच्या फटींवर चिकटपट्टी लावणे अशा युक्त्यांनाही त्यात वाव होता. परिणाम असा झाला की नव्या मोटारींचा प्रयोगशाळेतला आणि रस्त्यावरचा इंधनखप यांतला फरक २००१ मध्ये ९ टक्क्यांच्या आसपास होता, तो दीड दशकात सुमारे ४० टक्क्यांवर गेला. गाड्या रस्त्यासाठी नव्हे, परीक्षेसाठी बनू लागल्या होत्या.

मग सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनचे प्रकरण बाहेर आले. मजा अशी की ज्या अभ्यासातून ते उघड झाले, तो अमेरिकेतल्या डिझेल मोटारी रस्त्यावरही किती स्वच्छ आहेत हे युरोपला दाखवण्यासाठी हाती घेतला होता. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी धूर मोजणारे यंत्र गाडीच्या डिकीत बसवून ती रस्त्यावर पळवली. तीनपैकी दोन गाड्यांचा नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या कित्येक पट निघाला, एकीचा तर ३५ पटींपर्यंत. गाडीतल्या संगणकाला आपली परीक्षा चालू आहे हे ओळखता येत होते. तेवढ्यापुरती गाडी सभ्य वागे. जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ही लबाडी होती. भारतात एआरएआयच्या तपासणीनंतर कंपनीने तीन लाखांहून अधिक गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या.

पुन्हा मधुमेहाकडे वळायचे तर, तपासणीच्या आधी चार दिवस गोड बंद करणारा रुग्ण प्रत्येक डॉक्टरने पाहिलेला असतो. उपाशीपोटीची साखर छान येते. म्हणून गेल्या तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ‘एचबीएवनसी’ चाचणी करतात. तिथे चार दिवसांचे सोंग चालत नाही. वाहनांसाठी तिच्या जवळ जाणारी चाचणी म्हणजे प्रत्यक्ष रस्त्यावरची, डिकीला यंत्र लावून केलेली. युरोपने ती २०१७ पासून प्रयोगशाळेच्या जोडीला आणली. सुरुवातीला मात्र नायट्रोजन ऑक्साइडला मर्यादेच्या २.१ पटींपर्यंत सवलत दिली, पुढे ती १.४३ पटींवर आणली. उत्तीर्ण होण्यासाठी शंभरपैकी पस्तीस गुण, असाच काहीसा प्रकार. तरी आधीपेक्षा बरा.

या तफावतीची किंमत कोणी मोजली? २०१७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ११ मोठ्या बाजारपेठांतील डिझेल वाहने तपासली गेली. त्यांत भारतही होता. प्रमाणपत्रावरच्या मर्यादेपेक्षा रस्त्यावर जो जास्तीचा नायट्रोजन ऑक्साइड निघाला, केवळ त्या जादा भागामुळे २०१५ या एका वर्षात जगात सुमारे ३८ हजार अकाली मृत्यू झाल्याचा अंदाज त्यात मांडला आहे. त्यातला मोठा वाटा ट्रक-बससारख्या अवजड वाहनांचा होता. हे मृत्यू कोणाच्याही दाखल्यावर ‘धूर’ म्हणून लिहिले गेले नसणार. तिथे हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, दमा, सीओपीडी असेच लिहिले असेल.

शरीरात काय घडते हे थोडक्यात सांगायला हवे. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटतो. हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद झालेल्या माणसाच्या छातीत त्याने लवकर दुखू लागते. नायट्रोजन डायऑक्साइड श्वासनलिकांना सूज आणतो, दमेकरी मुलांना तो विशेष बाधतो. हाच वायू आणि न जळलेल्या पेट्रोलची वाफ उन्हात एकत्र आली की जमिनीलगतचा ओझोन तयार होतो. आणि अडीच मायक्रॉनहून लहान कण फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत पोहोचतात. त्यांतले अगदी बारीक रक्तातही शिरतात. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केले आहे. सिग्नलला बसच्या मागे उभा राहिलेला दुचाकीस्वार या सगळ्यांच्या आणि स्वतःच्या नाकाच्या मध्ये फार तर एक रुमाल ठेवू शकतो, आणि रुमालाने वायू अडत नाहीत.

जागतिक रस्ता आणि आपला रस्ता

जागतिक चक्र ज्या नोंदींवरून बनले, त्या रस्त्यांत आपले रस्ते किती, हा प्रश्न गैर नाही. मोटारसायकलींच्या चक्रासाठी मुख्यतः युरोप, जपान, अमेरिका आणि चीनमधल्या नोंदी वापरल्या गेल्या. लहान इंजिनाच्या गाड्यांसाठी नंतर त्यात कमी वेगाचा वर्ग बसवला गेला. १५० सीसीपेक्षा लहान आणि ताशी १०० किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या गाडीची परीक्षा ताशी ५० किलोमीटरपर्यंतच होते. हे आपल्या शहरांना बऱ्यापैकी लागू पडते. परंतु चाचणीत गाडीवर ७५ किलोचा एकटा स्वार धरलेला असतो. आपल्याकडे त्याच गाडीवर नवरा, बायको, दोन मुले आणि कधी कधी गॅसचा सिलिंडर असतो. गाडी चाचणीआधी ठेवतात ती २० ते ३० अंश तापमानाच्या खोलीत. मे महिन्यात चंद्रपूरला पारा ४५ च्या वर जातो तेव्हा उन्हात उभ्या गाडीच्या टाकीतून उडणारी पेट्रोलची वाफ त्या खोलीत दिसणार नाही. वाफेत बेंझीन असते आणि बेंझीनचा रक्ताच्या कर्करोगाशी संबंध सिद्ध झालेला आहे.

मोटारींच्या ‘डब्ल्यूएलटीपी’साठी मात्र भारतातल्या रस्त्यांवरच्या नोंदीही घेतल्या गेल्या. कमी ताकदीच्या गाड्यांचा वेगळा वर्ग बहुतांशी आपल्याला डोळ्यांसमोर ठेवून केला. गंमत म्हणजे आज आपल्याकडची साधी लहान मोटारही वजनाच्या मानाने इतकी ताकदवान झाली आहे की ती युरोपीय गाड्यांच्याच वर्गात बसते. आपल्यासाठी राखलेल्या बाकावर बसायला आपणच उरलेलो नाही.

आणि तरीही मोटारींची चाचणी आपण अजून जुन्याच चक्रावर करतो. युरोपने २०१७ पासून टप्प्याटप्प्याने सोडलेले ते १,१८० सेकंदांचे चक्र, फक्त त्यातला कमाल वेग आपल्यासाठी ताशी ९० किलोमीटरवर आणलेला. समृद्धी महामार्गावर मोटारीला ताशी १२० किलोमीटरची परवानगी आहे. ९० ते १२० या पट्ट्यात गाडी किती धूर सोडते, याची प्रयोगशाळेत परीक्षाच होत नाही. १ एप्रिल २०२७ पासून ‘डब्ल्यूएलटीपी’ आणण्याचा केंद्राचा प्रस्ताव आहे. रस्त्यावरची चाचणी मोटारींना एप्रिल २०२३ पासून लागू झाली. दुचाकींना ती नाही, आणि देशात सर्वाधिक विकले जाणारे वाहन दुचाकीच आहे.

कारखान्यातून बाहेर पडल्यावर गाडीची उरलेल्या आयुष्यातली तपासणी म्हणजे पीयूसी. पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात उभी व्हॅन, सायलेन्सरमध्ये घातलेली नळी. गाडी जागेवर उभी. पेट्रोलच्या गाडीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, डिझेलच्या गाडीत धुराचा काळेपणा. ज्या नायट्रोजन ऑक्साइडवरून एवढे रामायण झाले, तो या तपासणीत मोजलाच जात नाही. जिनिव्हातला काटा कितीही अचूक केला तरी पाच वर्षांनी ती गाडी कशी वागते हे या नळीला कळत नाही.

त्यात काही नुकसान आपल्या हातचेही आहे. आवाज दमदार यावा म्हणून मूळ सायलेन्सर काढून दुसरा बसवण्याची हौस आहे. असे सायलेन्सर जप्त करून पोलिसांनी रोडरोलरखाली चिरडल्याचे फोटो वर्तमानपत्रांत येतात. तक्रार आवाजाची असते. पण अनेक गाड्यांत उत्प्रेरक त्या मूळ सायलेन्सरच्या पोटातच बसवलेला असतो. तो काढला की बीएस-६ गाडी धुराच्या बाबतीत वीस वर्षे मागे जाते. मीटरवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागून राहिला तर त्याकडेही काणाडोळा होतो; गाडी चालते आहे ना, मग बघू. तो दिवा बहुतेक वेळा धुराच्याच बिघाडाचा असतो. गॅरेजमध्ये ‘दिवा बंद करून द्या’ म्हणण्याऐवजी बिघाड शोधून द्या म्हणावे.

विजेच्या गाडीला सायलेन्सर नसतो, त्यामुळे हा सगळा हिशेब तिथे संपतो असे वाटते. मात्र ब्रेक घासून आणि टायर झिजून उडणारी धूळ तिथेही असते, आणि तिच्यात लोखंड, तांबे यांसारख्या धातूंचे बारीक कण असतात. ब्रेकची धूळ प्रयोगशाळेत कशी मोजायची याचा जागतिक नियम जिनिव्हात २०२३ मध्ये संमत झाला आणि युरोपच्या युरो-७ नियमांत तिच्यावर मर्यादाही आली. विजेच्या मोटारीसाठी किलोमीटरमागे ३ मिलिग्रॅम, इतर बहुतेक मोटारींसाठी ७. नियम हलक्या मोटारींपुरता आहे. दुचाकीच्या ब्रेकची धूळ मोजण्याची रीत त्यात नाही.